पाकिटातली चाल

पंचांनी बुद्धिबळाचा डाव थांबवला तेव्हा चाल तास्याची होती. त्या काळी पाच तास होऊनही निकाल लागला नाही, की पुढची चाल पटावर करायची नाही. ती कागदावर लिहून पाकिटात घालायची, पाकीट पंचांच्या हवाली करायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते फोडून खेळ पुढे न्यायचा. तास्याकडे एक हत्ती आणि तीन प्यादी उरली होती. समोरच्या रुमानियन बाईकडे हत्ती आणि चार प्यादी, आणि त्यातलं एक प्यादं मोकाट सुटलेलं, वाटेत अडवणारं कुणी नसलेलं. तास्याने चाल लिहिली, पाकीट चिकटवलं, आणि चिकटवता चिकटवताच तिला कळलं की आपण माती खाल्ली.

मोकाट प्याद्याच्या मागे हत्ती लावायचा, हे आमच्याकडे रशियात सात वर्षांच्या पोरालासुद्धा पाढ्यासारखं पाठ असतं. तास्याने घाबरून राजा एक घर मागे घेतला होता.

दाराबाहेर संघाचे कप्तान ग्लेब निकानोरोविच उभेच होते.

"हत्ती ना? प्याद्यामागे?" त्यांनी विचारलं. विचारलं कसलं, गृहीतच धरलं.

"हो," तास्या म्हणाली.

बावीस वर्षांची पोर, पेर्मच्या कारखान्यातल्या क्लबात खेळून वर आलेली, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली. वेळ मारून न्यायला तोंडातून एक 'हो' निसटलं. पण बरोबरीच्या अर्ध्या गुणावर अख्ख्या संघाचं सुवर्णपदक अडकलं होतं. बरोबरी झाली तर पहिला नंबर, हरली तर दुसरा. आणि दुसऱ्या नंबराला आमच्याकडे नंबर म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खेळ संध्याकाळी पाचला होता. स्पर्धा एका युगोस्लाव्ह गावात होती; समुद्र हाकेच्या अंतरावर, ऊन छान पडलेलं, बाकीच्या देशांच्या बायका टॉवेल घेऊन पोहायला निघालेल्या. आमच्या मात्र सकाळी आठपासून तास्याच्या खोलीत पट मांडून बसल्या. इतर देशांचं मला माहीत नाही, पण आमच्या संघात पटावर एक जण बसतो आणि खेळतं अख्खं बिऱ्हाड. त्या बिऱ्हाडाबद्दल लोक काहीबाही बोलतात. बोलू द्या. ज्यांनी ते आतून पाहिलंय, ते बोलत नाहीत.

पहिल्या पटावर, म्हणजे संघात सगळ्यांत वर खेळणारी कापितोलिना पाव्लोव्हना कमरेला लोकरी शाल गुंडाळून, पाठीमागे दोन उशा घेऊन बसली होती. पाठीने तिला आठवडाभर छळलं होतं. स्वतःचा डाव ती आदल्या दिवशीच जिंकली होती, आज खुशाल झोपून राहिली असती तरी कुणी ब्र काढला नसता. राखीव खेळाडू नोन्ना हॉटेलवाल्यांची नजर चुकवून, छोट्या शेगडीवर घरून आणलेल्या बकव्हीट नावाच्या धान्याची खिचडी शिजवत होती आणि ढवळता ढवळता मान वळवून चाली सुचवत होती. स्पर्धाभर तिला दोनच डाव खेळायला मिळाले होते.

"अगं, राजा पुढे घे की," नोन्ना म्हणाली.

"तू भात खाली लागू देऊ नकोस," कापितोलिना म्हणाली. "राजा पुढे घेतला तर ती शह देईल. दिसतंय का?"

"भात नाहीये तो. आणि दिसतंय."

अकराला मॉस्कोचा फोन आला. तिथे तीन उस्ताद पहाटेपासून हाच पट मांडून बसले होते. ग्लेब निकानोरोविच एका कानाला फोन लावून चाली उतरवून घेत होते आणि "थांबा हो, हळू सांगा, माझा हात म्हणजे काय छापखाना आहे?" असं ओरडत होते. चार पानं भरली.

बाकीचे सांगतील तशी तास्या सोंगटी हलवत होती. त्या पटावर हत्ती प्याद्यामागे दिमाखात उभा होता आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. दर दहा मिनिटांनी ती मनाशी ठरवायची, आता सांगते. तेवढ्यात कुणीतरी तिच्यासाठी आणखी काहीतरी शोधून काढायचं, आणि सांगणं आणखी अवघड व्हायचं. संघाशी खोटं बोलणारीला पुन्हा परदेशी कोण पाठवणार? पेर्मला परत जायचं आणि क्लबात पोरांना हत्ती कसा चालतो ते शिकवायचं.

एक वाजता कापितोलिनाने चष्मा काढला. "झालं. बरोबरी आहे. त्या रुमानियन बाईला म्हणावं, कितीही आपट डोकं." नोन्नाने पळी हातात घेऊनच तास्याला मिठी मारली. त्या मिठीत तास्याचा बांध फुटला.

"हत्ती नव्हता," ती म्हणाली. "मी राजा मागे घेतलाय. पाकिटात राजा आहे. काल मी खोटं बोलले."

ग्लेब निकानोरोविच आधी लाल झाले, मग पांढरे पडले. "पाच तास!" ते म्हणाले. "आणि मॉस्को! मॉस्कोला मी काय तोंड दाखवू?"

कापितोलिनाने चष्मा पुन्हा चढवला. "कुठल्या घरात?"

"काय?" तास्याने विचारलं.

"राजा, पोरी. कुठल्या घरात नेलास?"

तास्याने दाखवलं. कापितोलिनाने हत्ती जुन्या जागी ठेवला, राजा मागे घेतला आणि पटाकडे बघत राहिली. मग कप्तानांकडे न बघताच म्हणाली, "मॉस्कोला कळवा, काल तुम्हाला सांगितलेला पट मी चुकीचा मांडला होता. वय झालं म्हणावं."

"तुम्ही? तीनदा देशाच्या विजेत्या तुम्ही? अहो, जन्मभर हसतील तुम्हाला!"

"हसू देत. चार तास उरलेत, त्यात रडायला वेळ नाही. नोन्ना, ते घमेलं बाजूला ठेव आणि इकडे ये."

तास्या नंतर सांगायची, की आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नाही आणि इतकं सुरक्षितही कधी वाटलं नाही.

चार तासांत बरोबरी काही सापडली नाही. प्यादं देऊन टाकायचं आणि बाजूने शहावर शह देत राहायचं, एवढी एकच आशा निघाली, तीही नोन्नाने काढलेली. "ती नीट खेळली तर तू हरलीस," कापितोलिनाने स्वच्छ सांगितलं. "पण तिला नीट खेळायला लाव. फुकट काही देऊ नकोस."

पाचला पंचांनी पाकीट फोडलं आणि राजा एक घर मागे ठेवला. रुमानियन बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या बिऱ्हाडानेही दिवसभर हत्तीचाच अभ्यास केला होता! रशियन पोरगी हत्ती प्याद्यामागे लावणार नाही, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. यात काहीतरी खोल डाव असणार म्हणून बाई चाळीस मिनिटं विचार करत बसल्या, आणि अखेर जपून जपून चुकीची चाल खेळल्या. तास्याने प्यादं दिलं आणि शह सुरू केले. साडेसातला बाईंनी हात पुढे केला. बरोबरी.

मॉस्कोच्या विमानतळावर फुलं होती, फोटोवाले होते आणि बुद्धिबळ मंडळाचे एक साहेब होते. साहेबांनी सगळ्यांच्या देखत कापितोलिनाला कोपरखळी मारली. "काय पाव्लोव्हना, ऐकतोय ते खरं का? आता तुमच्याजवळ पट मांडून द्यायला माणूस ठेवावा लागणार!"

लोक हसले. कापितोलिनाही हसली. "ठेवा की. जरा देखणा बघून ठेवा."

तास्या पुढे झाली. कापितोलिनाने तिचा दंड इतका जोरात धरला की बोटं उमटली, पण ती थांबली नाही.

"पट बरोबरच मांडला होता," ती साहेबांना म्हणाली. "पाकिटात काय लिहिलंय ते मी संघाला खोटं सांगितलं होतं. यांनी ते स्वतःवर घेतलं."

साहेबांचं हसू मावळलं. खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं, आणि पुढची तीन वर्षं तास्याला परदेशी जायला मिळालं नाही.

बाहेर बसची वाट बघताना कापितोलिना तिच्यावर जाम भडकली होती.

"मूर्ख कुठली! इतकं छान खोटं बोलले होते मी, सगळं मातीत घातलंस!"

"हो," तास्या म्हणाली.

"तीन वर्षं तरी बसवतील घरी."

"हो."

कापितोलिनाने हातातली सगळी फुलं तास्याच्या हातात कोंबली. "धर. माझी पाठ दुखतेय," ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली.