दारावरचा पिवळा पट्टा

ललितनं गाडी माझ्या शेडखाली लावली, चावी हातात दिली आणि मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "आबांनी गाडीला ट्रॅक्टर घासला हो." आबा म्हणजे त्याचे वडील, झुलालआबा. त्यांना बाकावर बसवून, माझ्याकडे बोट करत "कौतिकभाऊंना घाई करू नका," असं वर बजावून तो मित्राच्या मोटरसायकलवर कंपनीत निघून गेला.

नरडाण्याच्या रस्त्यावर वीस वर्षं मी गाड्यांचं रबिंग-पॉलिश करतोय. उजवा खांदा पार कामातून गेलाय. त्यात लोकांना डाग एका हातात जायला हवा असतो, जसा काही मी फळा पुसायला बसलोय. सकाळी उठलो तेव्हाच कंटाळा आला होता.

पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर, गुडघ्याच्या उंचीला, हातभर लांब पिवळा पट्टा होता. बोट फिरवलं तर सिमेंटची रेती लागली. असा पिवळा मी आजवर दहा गाड्यांवरून काढलाय. कंपनीच्या गेटाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सिमेंटचे खांब आहेत, वळताना घाई केली की ते दाराला लागतात.

आधी पाणी सोडून रेती काढली. रेतीसकट घासलं की खालचा पांढरा रंगही जातो. मग सुती फडक्यावर थिनर घेऊन दोन बोटांनी हळूहळू पुसायला लागलो.

"आबा, तुमचा ट्रॅक्टर लाल ना?"

"हाव."

"मग हा पिवळा कुठून आला?"

"माले माहीत शे, भाऊ. तू तुन्हं काम कर."

माझं डोकंच फिरलं. फडकं टाकलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. गाडी सुनेची. पुनम दवाखान्यात नर्स आहे, तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली. कंपनीत नेऊ नका, असं ती ललितला चार वेळा म्हणाली होती. यानं नेली आणि खांबाला लावली. घरी येऊन बापाच्या हातापाया पडला, आबा, तुम्ही स्वतःच्या अंगावर घ्या, तुम्हाला ती काही बोलायची नाही.

आणि खरंच, आमच्याकडे कुठली सून सासऱ्याला उलटून बोलते? पुनमनं मान खाली घातली, सासऱ्याला चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी नातीच्या शाळेसाठी रिक्षा लावली.

"बोलती ते बरं व्हतं," आबा म्हणाले. "मी ऐकी लेतू. ती काहीच बोलनी नही."

भाविका दुसरीत आहे. गेली दोन वर्षं आबाच तिला स्कूटीवरून शाळेत न्यायचे आणि दुपारी आणायचे. येताना ती बाईंच्या चुगल्या सांगायची आणि आबा बाईंना शिव्या द्यायचे, अगदी मनापासून. आता रिक्षा दारातूनच तिला उचलते.

"आते दुपार निंघत नही मन्ही," ते म्हणाले. "डाग गया म्हंजे सून ईसरी जाई. मंग मी पुन्हा जासू."

"ती डाग विसरेल हो, पण तुमच्या हातून पोरगी पडेल ही भीती विसरणार आहे का? खरं सांगून टाका."

"आनि पोऱ्याले खोटा पाडू? मंग रोज भांडनं. बठ्ठा घरनी शांती जाई."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि तेवढीच त्याची कीवही आली. परत कामाला लागलो. थिनर झालं, मग पॉलिशचं कंपाउंड. खांद्यातून कळ यायची तेव्हा थांबायचो. मुद्दाम, अगदी मुद्दाम, दाराच्या खालच्या कडेला मोहरीएवढा पिवळा ठिपका तसाच ठेवला. सून दवाखान्यात काम करते, तिची नजर बारीक असणार. विचारू दे नवऱ्याला.

"तठे राही गयं, भाऊ," आबा बाकावरून म्हणाले. "खाल्ते, कडाले."

बाक दारापासून चांगला आठ हात लांब होता. मी निमूटपणे तेवढंही पुसलं.

शाळा सुटायची वेळ झाली तसे आबा उठून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलांनी भरलेली रिक्षा गेली. त्यांनी हात वर केला, पण पोरं पाठमोरी बसली होती.

संध्याकाळी ललित आला. दारावर तळहात फिरवून खूश झाला. "काहीच कळत नाही की! मिटलं बघा, आबा."

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मंग उद्यापाईन मी जाऊ का, भाविकाले लेवाले?"

ललित मोबाईल बघत होता. मला वाटलं, आता तरी हा ओशाळेल.

"राहू द्या ना, आबा," तो म्हणाला. आवाजात काळजी होती, खरीखुरी काळजी, तीच मला सहन झाली नाही. "रस्त्यावर ट्रक केवढे असतात. तुम्हाला आता नीट दिसत नाही."

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"हाव रे भो," ते पोराला म्हणाले, "नही दखात माले." आणि जाऊन गाडीत बसले.