खळ्याला सांगितलं होतं

सातवा फर्मा पाचव्याच्या आधी शिवला गेला, तेव्हा बाइंडरबाईंनी सुई खाली ठेवली. चाळीस वर्षं त्या पुस्तकं बांधत होत्या. सोळा पानांचा एकेक फर्मा दुमडायचा, क्रमाने रचायचा, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचा, हे त्यांचे हात डोळे मिटूनही करत. आज सकाळपासून तीनदा चुकले. त्यांनी टाके उसवले, पुन्हा सुई ओवली, आणि ओवून झाल्यावर ती तशीच टाचणीच्या गादीत खोचून उठल्या. खिडकीशी गेल्या. खिडकीत काही नव्हतं. परत आल्या.

चार वाजेपर्यंत काय ते सांगायचं होतं, आणि आता साडेबारा झाले होते.

सांगायचं होतं मांजराच्या डॉक्टरला, आणि ठरवायचं होतं दोघांनी बोलून. घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

यातला दुसरा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. तो बस डेपोत तीस वर्षं टाइमकीपर होता. नोकरी संपली, पण मनगटावरचं घड्याळ काही त्याला सोडायला तयार नव्हतं. समोरच्या थांब्यावर गाडी उशिरा आली की घरात बसून तो चरफडायचा, जणू ड्रायव्हर त्यालाच जाब देणार होता. दोघांनीही लग्न केलं नाही. एका घरात राहिली, एकाच भांड्यातलं जेवली, आणि गेली नऊ वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलली नाहीत.

मग घर चालायचं कसं? मांजरावर.

खळ्या हे त्याचं नाव. पिल्लू असताना कागदाच्या गठ्ठ्यातून घरात आला आणि पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यांना लावायच्या खळीत तोंड घालून बसला, म्हणून खळ्या. भाऊ कामाच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणायचा, "खळ्या, सांग तिला, गॅस संपत आलाय." बाई मान वर न करता म्हणायच्या, "खळ्या, त्याला म्हणावं, मलाही डोळे आहेत." खळ्या मिशा पुसायचा. विजेचं बिल, पाहुणे, ताप, दाढदुखी, सगळं त्याच्या कानांवरून गेलं. शेजारीण म्हणायची, त्या मांजराला आता पेन्शन सुरू करा. दोघंही हसायची, आपापल्या खोलीत.

नऊ वर्षांपूर्वी आई इस्पितळात होती. बाई कपडे आणायला घरी आल्या आणि तेवढ्या तासाभरात भावाने कागदावर सही केली. बाई परत गेल्या तर आईच्या तोंडात नळी, छातीशी यंत्र, हात पलंगाला बांधलेले. त्यानंतर बारा दिवस आई जगली, पण एक शब्द बोलली नाही. "मला विचारलंस का?" एवढंच बाईंनी विचारलं. "वेळ नव्हता," तो म्हणाला. जन्मभर मिनिटं मोजणाऱ्या माणसाकडे नेमका तेव्हाच वेळ नव्हता! बाईंनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्यानेही मग हट्ट धरला. हट्टाच्या बाबतीत आईने दोघांना सारखंच वाढलं होतं.

दीड वर्षापूर्वी खळ्या भांडंभांडं पाणी पिऊ लागला, वाळूचा ट्रे रोज दोनदा बदलावा लागे, आणि चालताना मागचे पाय टाचेपर्यंत टेकू लागले. मधुमेह निघाला. बाईंनी त्याच दिवशी खळीचं भांडं फडताळात बंद केलं. साडेअकरा वर्षं पिठाची खळ बोटावर घेऊन चाटवली होती ती त्यांनीच. नुसत्या तेवढ्याने हा आजार होत नाही, असं डॉक्टरने चार वेळा सांगितलं; बाईंना ते चारही वेळा पटलं नाही.

इन्सुलिनचं मात्र व्यवस्थित मार्गी लागलं होतं. सकाळी सातचं बाईंनी द्यायचं, संध्याकाळी सातचं भावाने. पुढ्यात खाणं ठेवायचं, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, दोन युनिट. दीड वर्ष बिनबोभाट चाललं.

परवा सकाळी बाई केस धुवायला बसल्या आणि त्यांना उशीर झाला. सात वाजले, सात पाच झाले. सात दहाला भावाने स्वतःच सुई भरली, खळ्याला टोचली आणि स्वयंपाकघरातच नेहमीच्या आवाजात त्याला बजावलं, "तिला सांग, मी दिलंय." मग तो फिरायला गेला, कारण साडेसात ही त्याची फिरायची वेळ. बाई ओले केस बांधून आल्या, खळ्या बशीशी रेंगाळताना दिसला, आणि त्यांनीही आपलं काम केलं.

दहा वाजता टेबलाखाली धप्पकन आवाज झाला. खळ्या आडवा पडून चारही पाय झाडत होता, तोंडाला फेस. बाईंनी त्याच्या हिरड्यांना मध चोळला, भावाने टॅक्सी आणली, आणि सगळ्या वाटेत दोघंही टोपलीशी बोलत होती. "खळ्या, तिला सांग, खिडकी लाव." "खळ्या, त्याला सांग, ड्रायव्हरला घाई करायला सांग."

"इन्सुलिन किती दिलं होतं?" डॉक्टरने विचारलं. वयाने भाची शोभेल अशी होती ती.

"दोन युनिट," बाई म्हणाल्या.

"दोन युनिट," भाऊ म्हणाला, अगदी त्याच क्षणी.

डॉक्टरने कागदावर दोन लिहिलं. दोघं एकसुरात बोलली म्हणून तिला बरंच वाटलं असेल. पण बाईंनी भावाकडे पाहिलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसला.

"चार लिहा," बाई म्हणाल्या. "दोघांनीही दिलंय."

"अहो, असं कसं? एकमेकांना सांगत नाही का तुम्ही?"

"मी सांगितलं होतं," भाऊ म्हणाला.

"कुणाला?"

त्याने टोपलीकडे पाहिलं. "खळ्याला."

डॉक्टर हसली नाही, हे तिचे उपकारच.

सलाइनमधून साखर देऊन खळ्या त्या दिवशी वाचला. पण आज सकाळी तिने दोघांना समोर बसवून बाकीचं सांगितलं. डोळे उघडे आहेत, पण त्याला दिसत नाही. दृष्टी येईल किंवा येणार नाही. मूत्रपिंडं आधीपासूनच गेलेली होती, आता रक्त तपासलं म्हणून कळलं. तो खात नाही. मानेतून नळी घालून अन्न देता येईल, आठवडाभर इथेच ठेवावं लागेल, पुढे घरी रोज कानाला टोचून साखर बघायची, दोनदा इन्सुलिन, शिवाय कातडीखाली सलाइन. एवढं करून काही महिने मिळतील, तेही मिळाले तर. नाहीतर शेवटचं इंजेक्शन, झोपेत, त्रास न होता. "काका, काकू, तुम्ही दोघं शांतपणे बोलून ठरवा," ती म्हणाली.

"भाऊ-बहीण आहोत आम्ही," दोघंही म्हणाली.

"मग तर सोपं आहे," ती म्हणाली. बिचारीला काय माहीत!

म्हणून आज बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. भावाचं पाऊल दोनदा दाराशी आलं आणि परत गेलं. तिसऱ्यांदा तो आत आला. तोंड उघडलं. सवयीने टेबलाखाली पाहिलं, मग खुर्चीवर, मग खिडकीच्या कट्ट्यावर. सांगायला कुणीच नव्हतं. तोंड मिटून तो निघून गेला. जरा वेळाने स्वयंपाकघरात नळ सुटला, बंद झाला, पुन्हा सुटला. त्यालाही चैन नव्हतं तर!

तो नळीच घालणार, बाईंना खात्री होती. आईला नाही का घातली? या वेळी मात्र सही करू द्यायची नाही. त्यांनी मनातल्या मनात त्याला खडसावलं, छान कडक शब्दांत. खडसावता खडसावता त्या फडताळापाशी गेल्या, दीड वर्षाने ते भांडं काढलं आणि खळ शिजवायला घेतली. आज पुठ्ठा चढवायचा नव्हता. मग ही कशाला, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि ढवळता ढवळता त्यांना कळून चुकलं. नळी घातल्यावर, आठवड्याने घरी आल्यावर, तो बोटावरची खळ चाटेल म्हणून. नळी त्यांनाच हवी होती. दिसत नसलं तरी चालेल, टोचावं लागलं तरी चालेल, पण तो टेबलाखाली हवा. माझ्या हातून मेला असं नको. बाईंना तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, पण त्या बसल्या नाहीत. खळ खाली लागली असती.

साडेतीनला दोघं निघाली, तो पुढे, त्या चार पावलं मागे. दवाखान्यात खळ्याला मऊ टॉवेलवर ठेवलं होतं, पुढच्या पायाला पट्टी, त्यातून नळी. डॉक्टरने कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"बोललात ना?"

भाऊ घसा खाकरून डॉक्टरला म्हणाला, "मला वाटतं, आता पुरे. पण मी सही करणार नाही. ती म्हणेल तसं."

बाईंचे सगळे कडक शब्द तोंडातच राहिले. ज्याच्याशी भांडायला त्या आल्या होत्या, तो माणूस तिथे नव्हताच.

"मला नळी हवीय," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. मग डॉक्टरकडे नाही, खळ्याकडे नाही, त्याच्याकडेच वळून त्यांनी विचारलं, "आईच्या वेळी तुझं असंच झालं होतं का रे?"

"हो, ताई," तो म्हणाला. रडू लागला तेव्हा त्याने घड्याळाचा हात डोळ्यांवर धरला. "मला वाटलं, तू येईपर्यंत ती गेली तर तू काय म्हणशील. तुझ्यासाठी धरून ठेवली होती तिला."

नऊ वर्षं! बाईंना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही त्यांना जमलं नाही. त्यांनी पिशवीतून डबी काढली, डॉक्टरकडे पाहिलं, तिने मान हलवली. गार झालेली खळ बोटावर घेऊन बाईंनी ती खळ्याच्या नाकाशी धरली. नाक हललं. ओळखलं त्याने, नक्की ओळखलं. एरवी या बोटासाठी तो झोपेतून उठून यायचा. आता त्याने हळूच तोंड पलीकडे फिरवलं. बाईंनी बोट पुढे नेलं. त्याने पुन्हा फिरवलं.

त्यांनी बोट पदराला पुसलं. "घरी नेऊ का, भाऊ?"

"नेऊ."

"तुम्ही घरी याल का?" त्यांनी डॉक्टरला विचारलं. "संध्याकाळी?"

परतीच्या टॅक्सीत टोपली दोघांच्या मध्ये होती. "खिडकी लाव, वारा लागेल त्याला," बाई म्हणाल्या. त्याने लावली. एवढ्या साध्या वाक्याने दोघांनाही लाजल्यासारखं झालं.

घरी बाईंनी अर्धं शिवलेलं पुस्तक बाजूला सारलं आणि टेबलावर, उन्हाच्या पट्ट्यात, खळ्याला ठेवलं. भाऊ शेजारी खुर्ची घेऊन बसला. खळ्याच्या कातडीला कागदाचा वास येत होता, की बाईंच्याच हातांना, कोण जाणे. ऊन सरकलं तसं त्यांनी टॉवेलसकट त्याला सरकवलं, दोनदा, तीनदा, टेबल संपेपर्यंत. तेवढ्या वेळात दोघं किती बोलली म्हणता? फार नाही. गॅस कधी लावला होता, शेजारणीला सांगायला हवं, आईचा चष्मा कुठे आहे. चष्मा त्याच्याकडे होता. बाईंना तो हरवला असं वाटलं होतं.

सातला पाच कमी असताना डॉक्टर आली. तिने सुई भरली आणि दोघांकडे पाहिलं. "ठरलंय ना नक्की? बोललात?"

"बोललो," बाई म्हणाल्या.

दोघांचेही हात खळ्याच्या पाठीवर होते. पाठ एकदा वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि मग हातांखाली काही हललं नाही. डॉक्टरने कानाला लावलेली नळी काढून मान हलवली.

सवयीने भावाची नजर घड्याळावर गेली. सवयीनेच तो टेबलावर वाकून बोलायला गेला, आणि थांबला.

"सात वाजले, ताई," तो तिला म्हणाला.