इंजिनाच्या तोंडातली चिंधी

इंजिन उघडलं की त्याच्या तोंडात आधी चिंधी कोंबायची, हा गुलाबरावांचा नेम. पिस्टनभोवतीचा ब्लॉक वर उचलला की खाली काळंभोर भोक उघडं पडतं, आणि त्यात काही पडलं तर अख्खं इंजिन दोन फाकांत उकलल्याशिवाय हाती लागत नाही. सरकारी छापखान्यात यंत्रांवर हयात गेली त्यांची. तिथल्या पोरांनाही ते हेच बजावत, "आधी तोंड बांधा, मग हात घाला."

त्या रविवारी दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमागच्या अंगणात ते रेवतीच्या मोटरसायकलचा पिस्टन बदलत बसले होते. जानेवारीचं मळकट ऊन होतं. गाडी मुळात त्यांचीच. लेक नोएडाला नोकरीला लागली तशी तिची झाली. हल्ली गाडी निळा धूर ओकत होती आणि ऑइल पीत होती. आदल्या दिवशी करोल बागेतून नवा ब्लॉक-पिस्टन आणून त्यांनी सकाळीच काम काढलं होतं, कारण संध्याकाळी रेवतीला गाडी हवी होती.

पिस्टन रॉडवर चढला, दोघांना जोडणारी पिन आत सरकली. पिनेच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी बसते, बोटाच्या नखाएवढी. मेकॅनिक तिला लॉक म्हणतात. ती नसेल तर पिन बाहेर सरकते. एक लॉक बसलं. दुसरं चिमट्यात धरलं होतं, तेवढ्यात मागच्या दारात भानुमतीबाई तबक घेऊन उभ्या राहिल्या. मराठी मंडळात उत्सव होता, संध्याकाळी कीर्तन, म्हणून घरची पूजाही आज साग्रसंगीत झाली होती.

"अहो, आरती घ्या."

"दोन मिनिटं थांब."

"ज्योत थांबते होय? वारा बघा किती सुटलाय."

गुलाबरावांनी लॉक इंजिनाच्या काठावर ठेवलं. हात पाहिले, मनगटापर्यंत काळे. हे असले हात देवापुढे करायचे? आसपास दुसरं फडकं नव्हतं. त्यांनी इंजिनाच्या तोंडातली चिंधी उपसली, हात खसाखसा पुसले, ज्योतीवरून फिरवले आणि डोळ्यांना लावले.

वळून बघतात तर काठावर लॉक नव्हतं.

फरशी झाडली. तुळशीच्या कुंडीमागे पाहिलं. चिंधी झटकली, पुन्हा झटकली. तारेला लोहचुंबक बांधून भोकातून आत फिरवलं. ते नुसतंच तेलकट होऊन वर आलं.

"बाहेरच उडालं असेल हो कुठेतरी," भानुमतीबाई म्हणाल्या.

"आणि आत असलं तर?"

"आरती घेताना पडलंय ना? मग देव वाईट कसं होऊ देईल?"

बायको भाबडी आहे असं त्यांना एरवी वाटलं असतं. आज ते वाक्य त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. खरंच की. चैन करताना थोडंच पडलं? देवासाठी हात पुसले, त्याचं फळ उलटं कसं मिळेल? आता इंजिन उकलायचं म्हणजे जणू त्याच्यावरच अविश्वास दाखवायचा. शिवाय रविवार, वर्कशॉपं बंद. जुन्या पिस्टनचं एक लॉक धडधाकट होतं, ते बसवलं. ब्लॉक चढला, त्यावरचं हेड आवळलं. किक मारली तशी गाडी लगेच बोलली. धूर नाही, खडखड नाही.

"बघा!" भानुमतीबाई म्हणाल्या.

साडेपाचच्या सुमारास रेवती तिच्या मैत्रिणीला, कृतिकाला, घेऊन आली. कृतिका साताऱ्याकडची; मुनिरकात खोली घेऊन सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारी. उद्या सकाळी तिचा नोएडात पेपर होता, म्हणून रेवती तिला आजच तिच्या तिथल्या मावशीकडे सोडणार होती.

"काका, नक्की चालेल ना?" कृतिका हसत म्हणाली. "नाही, मागे तुम्ही मिक्सर दुरुस्त केला होतात, तो अजून माळ्यावर आहे म्हणे."

"तो मिक्सर नव्हता गं, बॉम्ब होता," रेवती म्हणाली. "चलो बाबा, किल्ली द्या."

गुलाबरावांनी किल्ली पुढे केली, पण सोडली नाही. सांगावं का? काय सांगणार, की छापखान्याच्या मोठमोठ्या यंत्रांचा माणूस नखाएवढी कडी हरवून बसला? ती आत आहे हे तरी कुणी पाहिलंय?

"नवा पिस्टन आहे," ते म्हणाले. "चाळीसच्या वर नेऊ नकोस."

"बिल्कुल नाही नेणार."

किल्ली गेली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी ते आवाज ऐकत उभे होते.

मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन रंगलं. बुवांच्या मागे झांज नेहमी गुलाबरावांचीच. किती वर्षं झाली, त्यांचा हात कधी चुकला नव्हता. आज प्रत्येक ठोक्यामागे त्यांना आणखी एक बारीकसा ठोका ऐकू येत होता, धातूवर धातू घासल्यासारखा. ते तो ऐकायला थांबत आणि ताल निसटे. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, बुक्का लावला. सगळे नामघोषात असताना बुवा मागे वाकले.

"गुलाबराव, झांज कुठे हरवली आज?"

त्यांनी सांगून टाकलं. चार वाक्यांत सगळं. बुवांचा हसरा चेहरा हळूहळू उतरला.

"अहो, काळ्या हातांनी घेतली असती आरती, तर देव काय रागावला असता?" ते हळूच म्हणाले. "कष्टाचे हात ते. हात पुसायला देवाने नव्हतं सांगितलं, तुम्ही पुसलेत. आता ते त्याच्या माथी मारू नका. पोरीला फोन करा आधी. उठा."

गुलाबराव झांज हातात घेऊनच बाहेर धावले. अंधार पडला होता आणि धुकं पार रस्त्यावर उतरलं होतं. आतून नामघोष येत होता. त्यांनी फोन लावला.

"बाबा! बरं झालं तुम्हीच केलात," रेवतीचा आवाज आला. "आम्ही यमुनेच्या पुलावर आहोत. खाली काहीतरी करकरायला लागलं, म्हणून बंद केली. आता परत किक मारून बघते."

"नको!"

"अहो, इथे उभं राहायला जागाच नाहीये यार. धुकं इतकं आहे की मागच्याला आम्ही दिसतही नसू. चालू झाली तर लगेच पूल संपेल."

"रेवा, इंजिनात एक लॉक पडलंय, सुटं. ते कुठे अडकलं तर चालत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी जाम होईल. किक मारायची नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या हातून पडलं. सकाळी."



"सकाळी?"

"हो."

"आणि तुम्ही मला फक्त चाळीसच्या वर नको म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच त्यांना भीती वाटली. "बाबा, कृतिका मागे बसली होती."

रेवतीने उत्तराची वाटही पाहिली नाही. ती कृतिकाला सांगत होती, "कठड्याला चिकटून चाल. मोबाइलची बत्ती मागे धर, हलवत राहा. मी ढकलते." फोन तिने तसाच खिशात टाकला असावा. गुलाबरावांना चेनची टकटक ऐकू येऊ लागली, दोघींची पावलं, धाप. मागून एक गाडी सणसणत आली आणि गेली. मग दुसरी, आणखी जवळून.

भानुमतीबाई हॉलबाहेर आल्या. "बोलली का? पोचली?"

गुलाबरावांनी हातानेच बायकोला गप्प केलं आणि फोन कानाशी घट्ट दाबला.

पुढची गाडी मोठी असावी. तिचा हॉर्न खूप लांबून सुरू झाला, आणि थांबेना.