बॅच निघूनच राह्यली

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण नावाशिवाय गोष्ट सांगायची कशी? माझ्या नवऱ्याचं नाव प्रीतम. तोंडावर मी त्याला 'अजी' म्हणते, माघारी एकेरी चालतं.

प्रीतम बालाघाटच्या बसस्टँडवर एजंट होता. गाडीच्या दाराशी उभं राहून "चलो लांजी-लांजी-लांजी" ओरडायचं आणि सवारी आत कोंबायची, हे त्याचं काम. त्याच्या गाडीला कागदावर वेळ होती, पण ती सुटायची भरल्यावरच. तोवर आत बसलेल्याने उतरून पळू नये म्हणून त्याचा एकच मंत्र असायचा: "निघूनच राह्यली!" ड्रायव्हर पलीकडे चहा पीत असायचा, इंजिन थंडगार असायचं, तरी गाडी आपली निघूनच राह्यलेली. प्रीतम हे इतक्या गोड तोंडानं सांगायचा की उतरायला निघालेली म्हातारी पुन्हा बसायची आणि त्यालाच शेंगदाणे द्यायची.

मग त्याच्या घशात गाठी झाल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, ओरडणं सोडा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. मी फार घाबरले. त्याच्या बडबडीनं माझं डोकं उठायचं हे खरं, पण मुक्या घरात मला राहता आलं नसतं. म्हणून मीच हट्ट धरला, की तोंड बंद आणि हात चालू असं काही काम शिका.

स्टँडसमोर औषधाच्या दुकानावर खेमराज सरांची कोडिंगची शाळा नवीनच उघडली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'कोर्स पूर्ण, नोकरी पक्की'. प्रीतमनं एजंटगिरी सोडली आणि नाव घातलं. माझ्या सासूबाई मैनाबाईंना 'कोडिंग' काही जमलं नाही. त्या परसवाड्याच्या पाहुण्यांना सांगायच्या, "पोरगं कोदोचं शिकून राह्यलं." कोदो म्हणजे आमच्याकडचं एक भरड धान्य. पाहुणेही मान हलवायचे, "हौ, आता कोदोले भाव हाये म्हणा."

प्रीतम खरंच शिकला. रात्रंदिवस टकटक करायचा, चुकला की स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि एकदा त्याचा प्रोग्राम चालला तेव्हा त्यानं मला पोळ्या टाकायच्या सोडून पाहायला लावलं. कोर्स संपला. नोकरी मात्र येईना.

"अजी, लागली का नोकरी?" मी विचारायची.

"लागूनच राह्यली."

असे महिने गेले. एकदा मी जरा जोरानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर म्हंतेत, नागपूरची कंपनी येऊनच राह्यली."

मी लाटणं खाली ठेवलं. "हे तं तुमचंच वाक्य होय जी!"

"काईबी. सर शिकेल-सवरेल माणूस हाये."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर जिना चढले. खेमराज सर पंख्याखाली बसले होते. मी सरळ विचारलं, "सर, कंपनी कधी येते?"

"आ गयी समझो, भाभीजी! बॅच भरली का येते. तीनच खुर्च्या खाली हायेत."

पहिल्या रांगेत दोन पोरं मोबाइलवर क्रिकेट पाहत होती. "हे कोण होय?" मी विचारलं. सर म्हणाले, "आपले भाचे."

प्रीतमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रिकाम्या गाडीत कोणी चढत नाही, म्हणून एजंट आपलीच दोन माणसं खिडकीशी बसवून ठेवतो. स्टँडवर त्याला 'खोटी सवारी' म्हणतात. प्रीतमनं स्वतः कित्येकदा मला बसवलं होतं. अर्ध्या जिल्ह्याला थंड गाडीत बसवणारा माणूस स्वतःच वर्षभर थंड गाडीत बसून होता! शेराला सव्वाशेर भेटला. मला हसू आवरेना. घरी आल्यावर मात्र रडू आलं, कारण त्यानं केवढी मेहनत केली होती ते मीच पाहिलं होतं.

"भरून देतो त्याची बॅच," प्रीतम म्हणाला. "गाडी भरली का डायवरले उठाच लागते."

"अन् घसा?"

"एकच दिवस, नूतन."

मी भांडले, अबोला धरला, शेवटी हळदीचं गरम पाणी घेऊन त्याच्या मागे स्टँडवर गेले. लांजीच्या गाडीशेजारी उभं राहून त्यानं छाती फुगवली. "चलो कोडिंग-कोडिंग-कोडिंग! लांजी, उकवा, परसवाडा, कोनीबी या! तीनच सीट! बॅच निघूनच राह्यली!"

एका काकांनी विचारलं, "कोडिंग कुठं येते रे? बैहर गावाच्या आधी का मंग?"

"लई पुढं, काका. तुमी बसा तं खरं!"

संध्याकाळपर्यंत खुर्च्या भरल्या. लांजीची एक मोबाइल दुरुस्त करणारी मुलगी, उकव्याचा एक पोरगा, आणि भैयालाल नावाचा एक भला माणूस, जो खरं तर किरनापूरला जायला आला होता. प्रीतमचा आवाज मात्र पार बसला. घशातून नुसती हवा येत होती.

म्हणून सरांपुढे मीच बोलले, "गाडी भरली सर. आता डायवरले उठवा."

सरांना घाम फुटला. पण इतक्या लोकांसमोर काय करतात बिचारे! त्यांनी नागपूरच्या ओळखीतल्या एका गीता मॅडमना फोन लावला, त्यांची खरोखरच कंपनी होती. मॅडम पुढच्याच आठवड्यात येते म्हणाल्या.

इकडे डॉक्टरांनी प्रीतमला एक शब्दही न बोलण्याची ताकीद दिली. आवाज परत येईल का, हे काही ते सांगेनात.

मॅडम आल्या. प्रत्येकाला एक छोटं काम दिलं आणि फिरून विचारू लागल्या. "होऊन राह्यलं मॅडम." "बस, थोडासा बाकी है." मी दारातून पाहत होते. त्या प्रीतमपाशी आल्या, "आपका हुआ?"

सवयीनं त्याचं तोंड उघडलं. 'होऊनच' हा शब्द मला त्याच्या ओठांवर स्पष्ट दिसला. पण आवाजच नाही! आवाज असता तर त्यानं मॅडमना तासभर गोड बोलून थांबवलं असतं. आता इलाज नव्हता. तो खाली वाकला आणि मुकाट्यानं टकटक करत राहिला. एकदा चुकलं. पुन्हा चुकलं. मग चाललं.

"आज का पहला आदमी," मॅडम म्हणाल्या, "जिसने बातों में नहीं उलझाया." आणि एक तारखेपासून कामावर यायला सांगितलं. सर्वांत जास्त आश्चर्य खेमराज सरांना वाटलं.

प्रीतम बाहेर गॅलरीत आला. खाली स्टँडवर मैनाबाई आणि त्याचे जुने दोस्त वर मान करून उभे होते. "काय झालं बे?"

त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. "खबरदार!" आणि कठड्यावरून वाकून, सारी ताकद लावून मीच ओरडले, "लागली!"

साऱ्या स्टँडवरची माणसं ताडकन उठली. कोणी पिशवी उचलली, कोणी पोर काखेत मारलं, आणि सगळी गाड्यांकडे पळत सुटली, "कोणची लागली? कुठं लागली?" प्रीतम कठड्याला धरून आवाज न करता हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.