झिजलेला म्हणे मी!

"ये गं बाई, हळू ये, वाऱ्यावरती डुलू नको,
भोकाला दे भोक जुळवून, रुसून मागं वळू नको!"

हा आवाज माझ्या मालकाचा. क्रेनला लटकत लोखंडी तुळई वर आली, की तो तिला असा आळवायचा, जणू रुसलेल्या लेकीची समजूत काढतोय.

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. माझ्या एका टोकाला बोल्ट आवळायचं तोंड आहे, दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी. भट्टीत लाल होऊन, घणाखाली मार खाऊन मी घडलो. तुळईचं भोक आणि खांबाचं भोक जुळेना, की मालक माझी शेपटी दोन्हींतून खुपसायचा, जोर लावून रेटायचा आणि जुळलं की शेजारच्या भोकात बोल्ट घालायचा. मग मला काढून माझ्या जागी दुसरा. दोन्ही बोल्ट बसल्याशिवाय तो क्रेनला तुळई सोडू द्यायचा नाही. म्हणून साईटवर त्याचं नावच पडलं, दोन-बोल्ट.

"दोन-बोल्ट जेवायला बसला तरी दोनदा बूड टेकवून बघतो!" लोक चिडवायचे. तो हसायचा. मला मात्र त्या नावाचा केवढा तोरा होता!

तुळईच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. क्रेनवाल्याला हाताने खूण करायचं काम त्याचं.

त्या सकाळी साहेब खालून ओरडत होता, "क्रेन मोकळी करा! तिकडे गाडी खोळंबलीय!" आमच्या टोकाला एकच बोल्ट बसला होता. दुसऱ्या भोकात मी होतो, एकटा, जिवाच्या आकांताने धरून. आणि मेहुण्याने खूण केली. क्रेनचा पट्टा सैल पडला, तुळई कुशीवर वळली. सांगा मित्रांनो, हातभर पान्याने टनभर लोखंड किती वेळ तोलायचं? मी भोकातून उडालो आणि मला रेटून धरलेला मालक तोल जाऊन एक मजला खाली पत्र्यावर आदळला. अंगाला अडकवायला वर दोरच बांधलेला नव्हता. सवड झाली नाही म्हणे!

त्याचा खुबा मोडला. डोक्याला असा मार बसला, की ती सकाळच त्याच्या आठवणीतून पुसली गेली.

मग साहेबाच्या ऑफिसात अपघाताचा कागद तयार झाला. 'कामगाराचा पाना झिजलेला होता, तो निसटला.' खाली मेहुण्याची सही. मी झिजलेला? अहो, मोजपट्टी तरी लावायची होती! पण लोखंडाला जीभ नसते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

साईटवरची माणसं भेटायला आली. जाता जाता एकजण म्हणाला, "काय रे दोन-बोल्ट, पाना एवढा झिजला आणि तुला पत्ता नाही?" त्या दिवशी मालक हसला नाही.

घरी मी दाराचा अडसर झालो. "ही अवदसा घरात कशाला?" म्हणत त्याची बायको मला पायाने सारायची. तेही सोसलं असतं. पण मालक रोज मला मांडीवर घ्यायचा आणि शेपटीवरून अंगठा फिरवत झीज शोधायचा. झीज सापडायची नाही, तरी दोष स्वतःलाच द्यायचा. त्या अंगठ्याने मला जेवढं भाजलं, तेवढं भट्टीनेही भाजलं नव्हतं.

मित्रांनो, हत्यार पुसावं, तेल द्यावं, जागेवर ठेवावं, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी वेगळं मागतो. तुमच्या घाईचं खापर आमच्या माथी फोडू नका. ते फुटतं शेवटी आम्हाला हातात धरणाऱ्याच्याच डोक्यावर.

काल दुपारी मेहुणा आला. दर आठवड्याला येतो, फळं आणतो, खाली मान घालून चहा पितो. त्याच्या ताईने मला उचलून त्याच्या हातात दिलं.

"जाताना एवढा भंगारात टाक रे."

"टाक बाबा," मालक म्हणाला. "तपासून घेतला नाही, चूक माझीच. नशीब, तुला घेऊन नाही पडलो."

मेहुण्याची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली. तो दारापर्यंत गेला, थांबला, परत आला आणि मला मालकाच्या मांडीवर ठेवून समोर खाली बसला.

"दाजी, पाना चांगला होता. तुमचा एकच बोल्ट बसलाय, हे मला दिसत होतं. तरी खूण मी केली."