शेवटच्या खिळ्याचं भोक

तात्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. ज्यांना घोड्याचा पाय उचलता येतो ती, आणि बाकीची. आपली एकुलती एक लेक पहिल्या प्रकारात मोडते याचा त्यांना केवढा अभिमान होता. पण हल्ली पाय उचलून ती जे करायची, ते त्यांना बघवत नव्हतं. ती नाल काढत होती.

तात्या नालबंद होते, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे. घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या तबेल्यात त्यांची सगळी हयात गेली होती. कोपऱ्यातली भट्टी त्यांची, ऐरण त्यांची, आणि दारातून आत येणारा प्रत्येक घोडा वाजत यायचा तो त्यांच्या हातामुळे. आता तबेल्याची सगळी व्यवस्था लेकीकडे आली होती, आणि लेकीच्या डोक्यात अनवाणी घोड्यांचं खूळ शिरलं होतं. खूर वाढतो तेवढा जमिनीवर झिजतो, मधे लोखंड कशाला, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिने पाण्याच्या हौदाभोवती खडी पसरली होती, म्हणजे पाणी प्यायला आलेला घोडा येताजाता तळवे घासून घेईल.

“छान,” तात्या म्हणाले होते. “पुढे त्यांना चमच्याने पाणी पाजायला मला ठेव.”

एकेक करून सगळ्या घोड्यांचे नाल उतरले. शेवटी राहिली मावशी. ही तपकिरी रंगाची, थोराड, कुणाच्याही खिशात नाक खुपसून चौकशी करणारी घोडी. तिला नाल हवेच, तिचे खूर पातळ आहेत, असं तात्या ठासून सांगत होते. लेक म्हणत होती, नाल काढल्याशिवाय ते जाड होणार कसे. शब्दाने शब्द वाढला आणि बापलेकीची पैज लागली.

नाल काढला की खुरात खिळ्यांची भोकं राहतात. खूर आपल्या नखासारखा वरून खाली वाढतो, तशी ती भोकं खाली खाली सरकतात आणि जमिनीला टेकली की झिजून जातात. मावशीच्या पायातलं शेवटचं भोक जमिनीला टेकेल, त्या दिवशी तिला फाटकापासून खडीच्या रस्त्यावर चालवायचं. नीट चालली, तर तात्यांनी नालाचं नाव काढायचं नाही आणि भट्टी मोडून त्या जागी खोगिरं ठेवायची. लंगडली, तर मावशीला पुन्हा नाल.

पैज लावताना तात्यांनी मिशीवरून हात फिरवला होता. घरी गेल्यावर मात्र एक प्रश्न समोर उभा राहिला. भट्टी मोडली तर उद्या सकाळी उठून तबेल्यात जायचं ते कशाला? घोड्यांना नुसता नमस्कार करायला? हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. बायकोला न विचारताच तो कळला होता, पण तिने तसं दाखवलं नाही. ती रोज संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवून हसत एवढंच विचारायची, “भोकं किती उरली?”

“आहेत अजून,” तात्या म्हणायचे.

घोडी लंगडायला लागली का, हे बघायला तात्या रोज दुपारी तबेल्यात जायचे. लेक त्या वेळी जेवायला घरी यायची, त्यामुळे कुणी बघत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांना दिसलं की हौदाभोवतीची खडी घोडीच्या पायाला पुरत नाहीये. उरलेला दिवस ती मऊ मातीत उभी असते, त्यामुळे खूर झिजतो कमी आणि वाढतो जास्त, आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला पसरायला लागली आहे. असंच राहिलं तर कड फाटणार, घोडी लंगडणार आणि तात्या जिंकणार. इतकं सरळ होतं. नुसतं हात बांधून बसायचं होतं.

पण हात बांधून बसणं हे त्यांच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. पसरलेली कड बघितली आणि हात शिवशिवायला लागले. “एवढी एकच बाजू,” असं स्वतःला बजावत त्यांनी मावशीचा पाय मांडीवर घेतला, पकडीने वाढलेला खूर कापला आणि कानशीने कड गोल केली. एक पाय नीट झाल्यावर दुसरा तसाच ठेवणं म्हणजे माणसाला एका पायात चप्पल घालून वरातीला पाठवण्यासारखं होतं. चारही पाय झाले.

त्यानंतर हे चालूच राहिलं. तात्या घरी बसून अनवाणी घोड्यांची यथेच्छ टवाळी करायचे, आणि दुपारी त्यातल्याच एका घोडीचे पाय असे निगुतीने तासून द्यायचे की तिला नालाची आठवणही येऊ नये. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्यांना कळत होतं. तो धोंडाही ते नीट बेताने पाडत होते.

गुपित राहिलं असतं, पण तबेल्यातल्या कुत्र्याला खुराचे तुकडे जिवापाड आवडायचे. तात्या कापायचे आणि कुत्रा तुकडा उचलून सरळ लेकीच्या तबेल्यातल्या खोलीच्या दारात जाऊन चघळत बसायचा.

“बघितलंत तात्या, खूर कसा आपोआप झिजतो,” एकदा रात्री जेवताना लेक म्हणाली. “जमीनच सगळं करते.”

“करते तर,” तात्या पानातून मान वर न करता म्हणाले.

“जमिनीला कानस चांगली चालवता येते हो.”

बायकोला ठसका लागला. तात्यांनी तिला पाणी दिलं आणि विषय बदलला.

भोकं खाली सरकत होती, एकेक करून नाहीशी होत होती. शेवटी पुढच्या डाव्या पायात, बाहेरच्या बाजूला, एकच उरलं, अगदी कडेजवळ. तात्या ते रोज बघायचे. त्यांच्या हातचा शेवटचा खिळा तिथे बसला होता. तबेल्यातल्या बाकीच्या सगळ्या घोड्यांच्या पायातून ती भोकं केव्हाच झिजून गेली होती. हे भोक गेलं की तात्या नावाचा कुणी नालबंद होता याची खूण एकाही घोड्याच्या अंगावर राहणार नव्हती.

त्या भोकाच्या आजूबाजूची कड त्यांनी तासली. तेवढी जागा मात्र राहू दिली.

पैजेचा दिवस आला. लेकीने मावशीला फाटकातून बाहेर आणलं आणि खडीच्या रस्त्यावर चालवायला सुरुवात केली. तात्या कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मावशी चार पावलं नीट चालली, मग तिचा डावा पाय खडीवर अर्धवटच टेकला. मान वर उडाली. पुढच्या पावलाला पुन्हा तसंच झालं.

लेकीने घोडी थांबवली. “जिंकलात तात्या,” ती म्हणाली. “पेटवा भट्टी.”

तात्यांनी कितीतरी रात्री हे वाक्य ऐकल्याचं मनात घोळवलं होतं. आता ते खरंच कानावर पडलं, तर गोड लागेना. ते पुढे झाले, मावशीचा पाय उचलून मांडीवर घेतला. बघायची गरजच नव्हती. सगळी कड सपाट, आणि भोकाच्या जागी तेवढीच एक जीभ खाली आलेली. मऊ मातीत ती रुतून जायची, म्हणून कधी बोचली नाही. खडीवर मात्र सगळ्या घोडीचं वजन तेवढ्याच टोकावर येत होतं.

“भट्टी पेटवायचं राहू दे,” ते म्हणाले. “ही माझ्यामुळे लंगडतेय.”

“माहीत आहे,” लेक म्हणाली. “कालच बघितलं मी. म्हटलं, तात्यांनी मुद्दाम ठेवलंय, जिंकायला. जिंकू देत म्हटलं एकदा.”

तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मी? घोडीच्या पायाशी लबाडी? अगं, जन्मात कधी...” बोलता बोलता त्यांचा अंगठा भोकावर गेला. “ते भोक माझं होतं गं,” ते हळूच म्हणाले. “शेवटचं. काढवेना.”

चेष्टा करायला आयती संधी होती, पण लेकीने ती घेतली नाही. ती म्हणाली, “मग राहू द्या की. नाल ठोकू या तिला. खरंच.”

“म्हणजे माझी आठवण राहावी म्हणून हिने लोखंड वागवायचं?” तात्या म्हणाले. “पकड दे.”

लेकीने पाठीमागे कमरेला खोचलेली पकड काढून दिली. कानससुद्धा ती घेऊनच आली होती. तात्यांनी एकदाच दाबली. खुराचा तुकडा खडीवर पडला, त्याच्या मधोमध ते भोक. मग कानशीचे दोन हात फिरवले, तळहाताने कड चाचपली आणि पाय खाली सोडला. मावशी रस्त्याच्या टोकापर्यंत सरळ नाकासमोर चालत गेली, आणि परत येऊन तात्यांच्या खिशात तोंड घालून उभी राहिली.

तेवढ्यात कुत्रा आला आणि तुकडा उचलून पळाला. तात्या “अरे, अरे” म्हणत दोन पावलं त्याच्यामागे धावले, मग थांबले. कुत्र्याने लेकीच्या दारात बसून तो कडाकडा चावून खाल्ला. डोळे पुसायला तात्यांना रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी मावशीच्या आयाळीत तोंड घातलं. लेक तेवढा वेळ फाटकाची कडी नीट लागते का ते बघत होती.

संध्याकाळी बायकोने चहाचा कप पुढे ठेवला. “भोकं किती उरली?”

“एकही नाही. शेवटचं कुत्र्याने खाल्लं.”

ती आज हसली नाही. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. “मग आता? उद्यापासून घरीच?”

तात्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

“घरी कशाला?” ते म्हणाले. “खूर वाढायचा थांबलाय होय?”