धुतलेले पाय धुणारे घंगाळ

मित्रांनो, मी एक जुने पितळी घंगाळ आहे, आणि माझा जन्म एका श्रीमंत माणसाच्या हौसेतून झाला. त्याला आपल्या कॅथलिक चर्चला काहीतरी भेट द्यायची होती. कारागिराने मला ठोकून ठोकून गोल केले, दोन बाजूंना दोन कड्या बसवल्या आणि हात पुसले. तर हे गृहस्थ म्हणतात, "काठावर माझं नाव कोर. ठळक येऊ दे." देवाची नजर अधू झाली आहे, अशी त्यांची समजूत असावी.

माझे काम वर्षातून एकदाच. प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय माझ्यात धुवायचे. विधी थोर आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ते पाय मी फार जवळून पाहिले आहेत, मित्रांनो! प्रत्येक जण घरून पाय घासूनपुसून यायचा. कुणी नखे कापून, कुणी पावडर लावून. एका गृहस्थांच्या पायांना तर अत्तराचा वास यायचा. फादरांना घाण वाटायला नको ना! त्यामुळे पाणी जसे माझ्यात पडायचे, तसेच स्वच्छ बाहेर जायचे. आणि हे पाहून लोक डोळे पुसायचे. मला मात्र हसू आवरत नसे. पितळेला हसता येत नाही, म्हणून त्यांची अब्रू वाचली.

मला घासून ठेवणारी एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. वेदीवरची वस्त्रे धुणे, इस्त्री करणे, फरशी पुसणे, मेणाचे डाग खरवडणे, सगळे तीच करायची. तिच्या टाचांना भेगा होत्या. त्या बारा जणांत तिला कुणी कधी बसवले नाही. इतके खरे पाय त्या समारंभाला सोसले नसते.

पुढे नवे फादर आले, त्यांनी काचेचे देखणे भांडे आणले आणि मला अडगळीत टाकले. मावशीने मला घरी नेले. तिच्याकडे माझ्यात कांदे असत. कांदे निदान सोंग तरी करत नाहीत.

मग एके दिवशी मावशी पायरीवरून पडली. मांडीचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. लेकीने तिला आपल्या घरी आणले, कांद्यांसकट मलाही आणले. ही लेक कपडे शिवायची. तिचा नवरा प्रॉटेस्टंट मंडळीचा पाळक, म्हणजे त्यांचा धर्मगुरू. मावशीचा थोरला मुलगा कॅथलिक चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारा. तो रोज संध्याकाळी आईला बघायला यायचा. बघायला म्हणजे खरोखर बघायलाच. हात लावायला नाही.

पडून पडून मावशीच्या टाचेला जखम झाली. नर्सने बजावले, "रोज कोमट पाण्याने धुवा. हयगय केलीत तर पाय जाईल." पण मावशी कुणाला पायाला हात लावू देईना. जन्मभर दुसऱ्यांचे धुतले, आता दुसऱ्यांकडून धुवून घ्यायचे म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखे होई. जखमेला वास येऊ लागला. आणि ते दोघे विद्वान खुर्च्या जरा मागे सरकवून बसले आणि माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटून स्वर्गात जाणे, कशाने होते यावर बोलू लागले.

थोरला म्हणाला, "भावोजी, कृपा आधी, हे आम्हीही मानतो. पण देवाने दार उघडलं तरी आत चालत जायचं ते आपणच ना? त्या चालण्यालाच आम्ही सत्कर्म म्हणतो. तेही त्याच्याच कृपेच्या बळावर."

"चालत?" पाळक हसला. "दादा, पापात मेलेला माणूस चालतो होय? त्याला उचलूनच न्यावं लागतं. आपण फक्त विश्वास ठेवायचा. चांगली कामं मागाहून येतात, झाडाला फळं येतात तशी."

"आणि फळं आलीच नाहीत तर?"

"मग झाडच खोटं होतं म्हणायचं."

"म्हणजे फळं लागतातच की! फिरून फिरून भोपळे चौकात!"

दोघेही चहा पीत होते. चहा लेकीने शिलाई सोडून केला होता. कृपा त्यांना बशीसकट हातात मिळाली होती, पण लक्ष कुणाचे?

तेवढ्यात मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, "मला तर चालताच येत नाही रे. आणि फळं म्हणाल, तर तीही थांबली. मग मला कोण घेणार आत?"

मित्रांनो, एवढी मोठमोठी पुस्तके वाचलेली ती दोन माणसे! एकाने घसा खाकरला. दुसरा म्हणाला, "आई, तसा नाही त्याचा अर्थ." कसा आहे, ते काही त्याने सांगितले नाही. पलंगावरची बाई घाबरून अर्धी झाली होती, आणि यांना आपापला मुद्दा सावरायचा होता. असल्या माणसांची मला शिसारी येते. देव त्यांना क्षमा करो. त्याला सवय असेल.

लेक आतून आली. तिने कांदे जमिनीवर ओतले, मला विसळले, कोमट पाणी भरले आणि पलंगाशी ठेवले.

"पाय दे, आई."

"नको गं. तुझं शिवणकाम पडलंय. मी काय करते आता तुझ्यासाठी, की तू माझं करावंस?"

"मी जन्मले तेव्हा तुझ्यासाठी काय केलं होतं?"

मावशीने विचार केला. "रडली होतीस. आळी जागी केली होतीस."

"मग तूही रड हवं तर. पण पाय दे."

मावशी हसली, मग खरेच रडली, आणि तिने पाय दिला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यातले पाणी गढूळ झाले. पू होता, रक्त होते. किती वर्षे वाट पाहिली होती मी त्याची!

"अहो, हे पाणी ओतून दुसरं आणा," लेक म्हणाली. दोघेही एकदम उठले. दोघांनी एकेक कडी धरली.

"मी नेतो, भावोजी. माझी आई आहे."

"सोडा, दादा. तुम्हाला वाटेल पुण्य लागतं."

"आणि तुम्ही नेलंत की ते फळ होय?"

"पुण्यासाठीही नेऊ नका आणि फळासाठीही नेऊ नका!" लेक कडाडली. "पाणी घाण झालंय, म्हणून न्या!"

दोघे एकमेकांच्या चपलांवर पाणी सांडत मला मोरीपर्यंत घेऊन गेले. दोन धर्मपंडितांना एक घंगाळ धड उचलता येऊ नये! पण नेले. ताजे पाणी घेऊन आले, तेव्हा मावशीने कुणी न सांगता दुसरा पायही पुढे केला होता. त्याला जखम नव्हती. तिला तो नुसताच धुवून हवा होता.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला घासून कपाटात मांडू नका. तुमच्या घरात कुणी पडून असेल, तर मला भरा आणि त्याच्याजवळ न्या. तारण कशाने होते याचा निकाल लागेपर्यंत थांबाल, तर पाणी गार होईल.